बीएचपीराव

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्याच्या गाडीचं बोनेट उघडं असतं आणि गाडी मात्र बिघडलेली नसते, तो बीएचपीराव. बिघडलेल्या गाडीचा मालक बोनेटपासून दोन हात लांब उभा राहून मेकॅनिकला फोन लावत असतो. बीएचपीराव कमरेपर्यंत आत गेलेला असतो. बाहेर बर्म्युडा आणि त्याखालच्या पोटऱ्या तेवढ्या दिसतात. सी विंगमधल्या कित्येकांनी त्याचा चेहरा अजून पाहिलेला नाही. ते त्याला पोटऱ्यांवरून ओळखतात.

त्याचं खरं नाव काहीही असो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला, गाडी स्विफ्ट. सेकंडहँड, पेट्रोल, ११९७ सीसी. डिझेलवाल्यांशी तो बोलतो, पण बेतानंच. पेट्रोलच्या चांगल्या गाडीला कुणी सीएनजी बसवला असं कानावर आलं, तर जागच्या जागी दोन मिनिटं गप्प उभा राहतो. स्वतःचा रक्तगट त्याला बायकोला विचारावा लागतो. पण कुठल्या गाडीचे किती बीएचपी, म्हणजे इंजिनाची ताकद किती, हे झोपेतून उठवून विचारा. त्याच्या स्विफ्टचे सुमारे ८५. आणि त्याची अशी पक्की खात्री आहे, की कारखान्यातून गाडी सोडताना कंपनीनं आणखी पाच-सात बीएचपी आतच दाबून ठेवले. का ठेवले? “काका, सगळ्यांसाठी बनवतात ना ते. तुमच्यासारख्यांसाठी पण.” हे तो काकांच्या तोंडावर म्हणतो, आणि काका दुखावले गेलेत हे त्याच्या गावीही नसतं.

हे दाबून ठेवलेले बीएचपी सोडवायचा पहिला मार्ग म्हणजे कोल्ड एअर इन्टेक, इंजिनाला थंड हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर. पुढे एक्झॉस्ट येतो, रीमॅप येतो, कर्ज येतं; पण श्रीगणेशा इन्टेकनं होतो, कारण तो घरच्या घरी बसवता येतो असं प्रत्येकाला वाटतं.

त्यामागचं शास्त्र खरं आहे, हे आधीच कबूल करतो. थंड हवा दाट असते. तापमान तीन अंशांनी उतरलं, की हवा साधारण एक टक्का दाट होते. दाट हवेत प्राणवायू जास्त, आणि प्राणवायू जास्त असला की पेट्रोल जास्त जाळता येतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते; म्हणजे वजनाच्या हिशेबानं आपली गाडी हवेवरच चालते, पेट्रोल तोंडी लावण्यापुरतं. बाराशे सीसीचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत पूर्ण मोकळं सुटलं, की सेकंदाला साठेक लिटर हवा ओढतं. हा आकडा बीएचपीरावनं बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्या समारंभांत ऐकवलेला आहे. “सेकंदाला साठ लिटर! आणि कंपनीनं नाकपुडी केवढी दिलीय बघा.”

कंपनीची नाकपुडी म्हणजे काळ्या प्लॅस्टिकचा एक डबा, आत घडीच्या कागदाचा फिल्टर आणि पुढे रबरी नळी. त्या डब्याचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळ, इंजिनाच्या धगीपासून दूर काढलेलं असतं. अर्थात कंपनीचा साधा डबाही बाहेरचीच, थंडच हवा घेत असतो. बीएचपीरावला हे चांगलं माहीत आहे. तो हा विषय काढत नाही.

त्याऐवजी तो जे मागवतो ते दिसायला देखणं असतं यात शंका नाही. चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप, निळे सिलिकॉनचे सांधे, आणि टोकाला लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर. या लाल फिल्टरची परंपरा जुनी आहे. तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर ज्या के अँड एन कंपनीमुळे जगभर पोचले, ती १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला निघाली. नॉर्म मॅक्डोनल्ड आणि केन जॉन्सन हे तिचे मालक मोटरसायकलींच्या शर्यतींतले लोक. तिकडच्या वाळवंटातल्या धुरळ्यात शर्यत लावणाऱ्यांना अशा फिल्टरची खरीच गरज होती. पुढे होंडा सिव्हिकसारख्या छोट्या गाड्या फुगवण्याचं वेड त्याच कॅलिफोर्नियात पसरलं, २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा सिनेमा आला, आणि ते वेड समुद्र ओलांडून थेट सिंहगड रस्त्यावर उतरलं. इथे शर्यत नाही. धुरळा मात्र आहे.

घरात तो “एअर फिल्टर बदलतोय” एवढंच सांगतो. वडील जन्मभर स्कूटरचा फिल्टर पेट्रोलमध्ये बुडवून, झटकून परत लावत आलेले.

“केवढ्याला?”

“आहे थोडासा.”

“ॲव्हरेज वाढेल?”

“वाढेल ना, बाबा.”

एरवी तो खोटं बोलणारा मुलगा नाही. पण ज्या घरात कुठल्याही यंत्राची पत लिटरला किती यावर ठरते, तिथे त्याचाही नाइलाज आहे.

बसवण्याचा कार्यक्रम रविवारी. पाइपबरोबर आलेल्या कागदावर ‘पाऊण तास’ लिहिलेलं असतं. शिवाय बीएचपीरावनं व्हिडिओ पाहिलेला असतो. तो अमेरिकेतला, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा. त्यातल्या माणसाच्या नखांत कण नाही आणि त्याच्या गॅरेजमध्ये आपल्याकडची दोन कुटुंबं नांदतील. मोबाइल वायपरच्या आधारानं काचेला टेकवून ठेवतात आणि कामाला हात घालतात.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. “थोडा वेळ काढून ठेवली की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जुनं शिकलेलं विसरतो. मग नव्या हवेशी जुळवून घेतो,” हे निवृत्त बँकवाल्या काकांना उद्देशून. काका पेपर घ्यायला म्हणून खाली आलेले असतात. पेपर काखेत तसाच राहतो. डॅशबोर्डवरचं घड्याळही या भरात वेळ विसरतं, आणि ते लावायचं बीएचपीराव कायमचं विसरतो.

मग येतो १० नंबर. या गाड्यांची निम्मी कामं १० नंबरच्या सॉकेटवर होतात, आणि पेटीत हरवलेला सॉकेटही नेहमी तोच असतो. ८, १२, १४ सगळे आपापल्या खाचेत बसून असतात. डब्याचा मागचा बोल्ट काढताना १० नंबर हातातून सुटतो, टण, टण असा दोनदा वाजतो, आणि जमिनीवर पोचत नाही. तो इंजिन आणि जमीन यांच्यामध्ये कुठेतरी राहायला जातो. मुलं गाडीखाली शिरतात. वॉचमन मोबाइलचा टॉर्च धरतो. काका आपल्या तारुण्यात अशाच गेलेल्या एका स्क्रूची गोष्ट सुरू करतात. शेवटी ए विंगमधल्या कुणाच्या तरी घरून १० नंबर येतो, आणि तोही परत जात नाही.

डबा निघताना प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा तुटतात. “त्या तशाही एक्स्ट्रा असतात,” बीएचपीराव म्हणतो. कंपनीनं दिलेल्या वस्तूंपैकी ज्या तुटतात त्या सगळ्या एक्स्ट्रा असतात. पुढे हवेचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर जुन्या डब्यातून काढून नव्या पाइपात घालायचा. त्यासाठी रबराचं एक बूच दिलेलं असतं, ते भोकात जात नाही. मग घरून भांड्यांच्या साबणाचं पाणी मागवलं जातं. साबणाची बाटली घेऊन आई स्वतः खाली येते, उघड्या इंजिनाकडे एकवार पाहते, आणि “जेवायला किती वाजतील?” असं विचारून जाते. या प्रश्नाला त्या दिवशी कुणीच उत्तर देऊ शकत नाही.

सगळं जुळल्यावर एक नळी उरते. ही ब्रीदरची नळी. इंजिनाच्या पोटात साचणारी वाफ पुन्हा आत जळायला नेणारी. कंपनीच्या डब्यात तिला जागा होती, नव्या पाइपात जी आहे ती अर्ध्या इंचानं चुकते. बीएचपीराव तिच्याकडे बराच वेळ पाहतो. मग खिशातून झिपटाय काढतो. (मला विचाराल तर या देशातल्या हौशी मेकॅनिकांचा खरा आधार झिपटाय आहे. इंजिनाला जे जे म्हणून लोंबतं ते ते यानंच बांधलेलं असतं.)

हा सगळा वेळ टॉर्च धरून उभा असलेला वॉचमन आता तोंड उघडतो. “दादा, आधीचा डबा फुटला होता का?”

“नाही.”

“मग चोक झाला असंल.”

“नाही रे. तो बरोबरच होता. पण बघ...” असं म्हणून बीएचपीराव त्याला तीन अंशाला एक टक्का, १४.७, साठ लिटर, सगळं समजावून सांगतो. मनापासून सांगतो, कारण समोरचा कोण आहे हे पाहून तो कधी कमी-जास्त सांगत नाही. वॉचमनही शेवटपर्यंत ऐकून घेतो.

“म्हणजे चांगला होता डबा,” तो म्हणतो, आणि गेट उघडायला जातो.

मग गाडी सुरू होते. आणि इथे खरा चमत्कार घडतो. कंपनीच्या डब्याला आणि नळीला जोडून एक-दोन पोकळ कप्पे असतात, रेझोनेटर म्हणतात त्यांना. इंजिन हवा ओढताना जो घोरल्यासारखा आवाज होतो तो गिळून टाकणं हे त्यांचं काम. ते आता दिवाणाखाली जाऊन पडलेले आहेत. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच बोनेटखालून खर्जातला एक घर्रर्र असा आवाज येतो, जो या गाडीनं आजवर काढलेला नव्हता. बीएचपीराव मान वर करून सगळ्यांकडे पाहतो. “ऐकलं?” ऐकलेलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळानंसुद्धा.

काकांना शेजारी बसवून चक्कर निघते.

“जाणवतंय ना, काका?”

“हो, आवाज येतोय जरा.”

“पिकअप म्हणतोय मी!”

“तोही येत असेल.”

आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हे सगळ्या माणसांचं आहे, त्यात बीएचपीरावचा दोष नाही. त्याच्या मते दहा बीएचपी वाढले. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी चढवून मोजली, तर अशा छोट्या, टर्बो नसलेल्या इंजिनात फार तर दोन-चार सापडतात, तेही इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावरच्या लाल रेघेच्या जवळपास. म्हणून तर तो डायनोवर जात नाही. आणि लाल रेघेपर्यंत जायचं म्हटलं, तर दुसऱ्या गियरमध्येच गाडी ऐंशीच्या पुढे जाते. हिंजवडीच्या पुलाखाली ऐंशी!

एरवीच्या रस्त्यावर काय होतं ते तर फारच मजेशीर आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची एक झडप असते, आणि आपण हळू चालवत असतो तेव्हा ती जवळजवळ मिटलेली असते. म्हणजे ट्रॅफिकमध्ये आपण इंजिनाला मुद्दामच हवा कमी देत असतो. दाराला कुलूप लावून अंगण मोठं करावं, तसा हा इन्टेक. डांगे चौकापासून ऑफिसच्या गेटापर्यंत त्याचा उपयोग शून्य, आणि बीएचपीरावचं आयुष्य बहुतांशी त्याच टप्प्यात जातं.

उलट तिथे नुकसानच. उघडा फिल्टर बोनेटखाली बसवला, की तो इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढायला लागतो. हे बीएचपीरावला कळतं, कारण त्यानं स्टिअरिंगखाली ब्लूटूथचा एक स्कॅनर खुपसलेला असतो आणि मोबाइलवर हवेचं तापमान दिसत असतं. एप्रिलात, भूमकर चौकात, बाहेर ३९ आणि आत जाणारी हवा साठीच्या घरात. थंड हवेसाठी पैसे मोजले, आणि इंजिन कंपनीच्या डब्यापेक्षा गरम हवा पितंय! आपण असतो तर रडलो असतो. बीएचपीरावला मात्र नवा विषय मिळाल्याचा आनंद होतो. तो पत्रा कापून हीट शील्ड बनवायला घेतो.

या दिवसांत त्याच्या गाडीत कुटुंबानं बसू नये. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचे चार-पाच बीएचपी खातो हे त्यानं कुठंतरी वाचलेलं असतं, आणि ते साधारण खरंही आहे. त्यामुळे समोर ट्रक आला की ओव्हरटेकच्या आधी तो गुपचूप एसी बंद करतो. भर मे महिन्यात आई मागच्या सीटवर पदरानं वारा घेतेय, बायको काच खाली करतेय, आणि पुढे इंजिनाला थंड हवा मिळतेय का, याची काळजी चाललीय. जॅक आणि पाने वजन कमी करायचं म्हणून डिकीतून काढून ठेवलेले असतात. कोकणात उतरताना पंक्चर झाली, की हे सगळ्या प्रवाशांना समजतं.

त्याची खरी पंचाईत मी एकदा भूगोलानं केली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. त्यामुळे इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा पाचेक टक्क्यांनी विरळ. म्हणजे कागदावर पाहिलं तर काहीही न बसवता, नुसता खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल गाठलं, की त्याच स्विफ्टला तीन-चार बीएचपी फुकट मिळतात. जेवढे इन्टेकनं मिळाले, तेवढेच. आणि महाबळेश्वरला, हवा इतकी गारेगार असूनही, साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब पंधराएक टक्क्यांनी कमी, म्हणून गाडीचा जीव जातो. थंड हवेचं ठिकाण इंजिनाला मानवत नाही! बीएचपीराव बराच वेळ गप्प राहिला. हिशेब बरोबर आहे हे त्याला दिसत होतं. पण पुण्यापेक्षा मुंबईची हवा चांगली, हे पुण्यात राहून मान्य करायचं म्हणजे काय ते मलाही समजतं. “पण तिकडे दमटपणा किती आहे,” तो शेवटी म्हणाला. हे बरोबर आहे. पाण्याच्या वाफेनं हवा थोडी हलकी होते. अब्रू राखली गेली.

हीट शील्डनं भागलं नाही, की मे महिन्यात पाइप लांबवून फिल्टर खाली, बंपरच्या मागे नेला जातो. तिथे खरोखरच थंड हवा मिळते. मग जून येतो.

बंपरमागचा फिल्टर रस्त्यापासून हातभर उंचीवर असतो, आणि आपले रस्ते पावसाळ्यात त्याहून वर येतात. इंजिनात हवेऐवजी पाणी गेलं, की पिस्टन ते दाबायला जातो आणि पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. याला हायड्रोलॉक म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यातून गाडी पुढे रेटणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ कळला, आणि त्यांच्या फिल्टरांची तोंडं तर कंपनीनं उंचावर ठेवलेली होती. साधा विमा बहुधा हे नुकसान देत नाही, वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. आणि बोनेटखाली लाल शंकू पाहिल्यावर सर्व्हेअरचा चेहरा कसा उजळतो ते पाहण्यासारखं असतं. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी, बोनेट पुन्हा उघडतं. दिवाणाखालून कंपनीचा डबा येतो, निमूटपणे जागेवर बसतो, आणि दिवाळीपर्यंत गाडी उत्तम चालते.

सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्रीही हाच विधी. वॉरंटी संपून वर्षं झाली तरी सर्व्हिस सेंटरच्या माणसासमोर तो उघडा फिल्टर नेत नाही. कायद्याचीही धास्ती असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत फेरफार करता येणार नाहीत. बोनेटखालचं पोलिसांना दिसत नाही, पण ऐकू येतं. चौकात हवालदार दिसला की बीएचपीराव ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलतो, आणि आयुष्यात त्या क्षणी मात्र गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढतं.

एवढी थट्टा केल्यावर एक सांगायलाच हवं. रात्री अकराला तुमची गाडी चालू झाली नाही, तर खाली येणारा माणूस तोच असतो. नुसता आवाज ऐकून तो सांगतो, की बेल्ट गेलाय का बेअरिंग. पैसे घेत नाही, फक्त निघताना तुमच्या डब्याकडे बघतो आणि “काका, हा स्टॉकच ठेवलाय का?” असं काळजीनं विचारतो. आपण गाडीचं बोनेट वॉशरचं पाणी घालण्यापुरतं उघडतो, कित्येकांना ते उघडायची कळ कुठे आहे तेही शोधावं लागतं. त्याला आपल्या गाडीतली प्रत्येक नळी कुठून निघून कुठे जाते हे माहीत आहे, उरलेली ब्रीदरची धरून. दोन-चार बीएचपींच्या बदल्यात एवढं शिकणारा माणूस मला तरी महाग पडलेला वाटत नाही. त्याच्या वडिलांचं मत वेगळं आहे.

तेव्हा बीएचपीराव कधी गाडी विकायला काढेल, आणि सेकंडहँड टर्बोवाल्या पोलोसाठी तो काढणारच, तर ती खुशाल घ्या. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल, टायरमधली हवा मोजून भरलेली असेल, गाडी कुणा परक्याच्या हाती गेलेली नसेल. घड्याळ तेवढं लावून घ्या. आणि पैसे देण्याआधी त्याच्या घरी जाऊन दिवाण उघडायला लावा. मूळ डबा, रेझोनेटर आणि कागदी फिल्टर तिथे असतात, ते मोजून ताब्यात घ्या. १० नंबरचा सॉकेट मागू नका, तो गाडीतच आहे.